धुतलेली गोणी

भातं कापणीला आली की माझ्या डाव्या मनगटाला खाज सुटते. तिथं तीन ओरखडे आहेत, एकाखाली एक, पट्टी धरून आखल्यासारखे. गेल्या आश्विनात एका करड्या मांजरानं ते मला दिले. जखमा केव्हाच भरल्या, इंजेक्शनं घेऊन झाली. पण हवेत तो वास आला, ओल्या पेंढ्याचा, सुकत चाललेल्या चिखलाचा, की कातडीला आठवतं. या वासाबद्दल लोक फार गोड लिहितात. मला या दिवसांत कुणाशी धड बोलावंसं वाटत नाही. डोकं तापलेलं असतं आणि ते तापलेलंच बरं वाटतं.

मी देवबागला राहते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे माडांची अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीवर आम्ही. घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. नवरा त्यांना होडीतून संगमावर फिरवून आणतो, मी त्यांना जेवू घालते. मी स्वच्छतेची माणूस आहे. खोलीत आधीच्या पाहुण्याचा वाससुद्धा राहता कामा नये, अशी माझी शिस्त आहे. चादरी उकळत्या पाण्यात, फरशी फिनेलनं, उशा उन्हात. याबद्दल लोक माझं कौतुक करतात आणि मी ते ऐकून घेते.

मांजर माझं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढं सगळ्यांनी 'तुझं मांजर, तुझं मांजर' करून मला जेरीला आणलं. ते कुणाचंच नव्हतं. उजवा कान अर्धा तुटलेला, शेपूट मधेच वाकडी, अंगाचा रंग ओल्या राखेचा. माझ्या न्हाणीघरामागं फाटक्या जाळ्यांचा एक ढीग पडलेला असायचा, त्यात ते झोपायचं. मी बाहेर टाकलेले काटे खायचं आणि खाताना माझ्याकडे बघून गुरगुरायचं. त्याचे आभार मानण्याचे प्रकार इथवरच होते. मी त्याला हाक मारली नाही, नाव ठेवलं नाही. दाराशी आलं की "फूट मेले" म्हणायचं आणि तांब्यातलं पाणी फेकायचं, एवढाच आमचा संबंध.

ती जाळी दाजींची. दाजी माझे शेजारी, वय सत्तरीला टेकलेलं, बायकोच्या मदतीनं वाळूवर मासे सुकवतात. पाऊस ओसरून कडक ऊन पडायला लागलं की त्यांचं अंगण चांदीचं होतं. बांगडे चिरून, मीठ लावून, पाठीवर उताणे. सुकट पसरलेली. त्या वासानं माझे पुण्याचे पाहुणे नाक मुरडतात आणि त्याच वासासाठी मांजर दुपार दुपार माडाच्या सावलीत दबा धरून बसायचं. ते नुसतं खाऊन गेलं असतं तरी दाजींनी सोसलं असतं. ते एक खायचं आणि चार नासवायचं.

एकदा सकाळी दाजी कुंपणाशी आले.

"सुलू, ह्या तुझा मांजर आज माझ्या सुकटीर मुतला."

"माझा न्हय ता."

"तुझ्या न्हाणीमागे रवता, तुझे काटे खाता. मगे कोणाचा?"

आणि त्यांनी हातातला बांगडा मला दाखवला. पोट फाडून पुन्हा दाबून बंद केलेला. आत काय घातलंय ते विचारायची गरज नव्हती. आदल्या वर्षी अशीच दोन मांजरं होडीखाली ताठ होऊन पडलेली मी पाहिली होती.

मला दया आली असं मी म्हणणार नाही. मला माझी विहीर दिसली. तिथून वीस पावलांवर ते विष पडणार, कावळा उचलणार, कुठंही टाकणार, आणि पाहुण्यांची पोरं वाळूत हात घालून खेळणार. मी म्हटलं, "थांब. मी घेवन जातंय तेका."

"आणि परत इला तर?"

"परत हंय दिसला तर तू काय करतलंस ता कर. मी तोंड उघडूचंय नाय."

मी शब्द असा सहज देऊन टाकते. कामं पटापट व्हायची असतील तर द्यावेच लागतात.

न्यायचं कुठं, हेही तिथल्या तिथं ठरलं. माझं माहेर याच कर्लीच्या काठावर, पण वर, धामापूरच्या बाजूला आत. तिथं आता माझी वहिनी एकटी असते. भाऊ जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरामागं मांगर आहे. मांगर म्हणजे भात, पेंढा, शेतीची हत्यारं ठेवायची चिऱ्याच्या भिंतींची एक मोठी खोली. त्यात उंदरांनी राज्य मांडलेलं. दर वर्षी बियाण्याच्या भाताला भोकं. उंदीर तिकडे, मांजर इकडे. दोघांना एकत्र केलं की झालं. गणित एवढं सरळ होतं की वहिनीशी माझं बोलणं नाही, ही गोष्ट मी त्यात धरलीच नाही.

मालवणात गुरांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं, रानटी मांजर आहे, नव्या जागी एकदम सोडू नका. तीन आठवडे कोंडून ठेवा, जेवण एका वेळी, एका ठिकाणी. जागेचा वास अंगात मुरला की मग दार उघडा. ऐकायला सोपं होतं.

कोंबड्यांच्या खुराड्यात ताजा बांगडा ठेवून, दाराला दोरी बांधून मी त्याला पकडलं. तिथून गोणीत घालताना हे ओरखडे मिळाले. गोणी मी आदल्या दिवशी साबणानं धुऊन, फिनेलच्या पाण्यातून काढून, वाळवून ठेवली होती. नव्या जागी घाण कशाला न्यायची. दाजींची बायको बघत उभी होती. आमच्याकडे मांजर सोडायला नेताना त्याचं तोंड झाकून नेतात आणि कुठं नेतोय ते त्याच्यासमोर बोलत नाहीत, म्हणजे त्याला वाट सापडत नाही. काकूंनी ते सगळं माझ्याकडून करून घेतलं. अंगणाच्या कडेला गोणी धरून मला उजवीकडून तीन फेरे मारायला लावले. मी मारले. अशा बाबतीत वाद घालण्यापेक्षा फेरे लवकर होतात.

एस.टी.त माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. गोणी मांडीवर हलत होती आणि आतून रडं आणि शिव्या यांच्या मधला एक आवाज येत होता. कंडक्टर जवळ आला.

"मावशी, आत काय?"

"मांजर."

"जिवंत?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"तिकीट एकच फाडू ना?"

"त्यानं खिडकी मागितली तर दोन फाडा."

तो हसला. मी हसले नाही. चौक्याच्या चढावर गोणीतून माझ्या मांडीवर गरम ओल पसरली, आणि मी बाहेर बघत बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातं पिवळी पडून वाकली होती. फार सुंदर दिसत असणार.

वहिनी खळ्यात उभी होती. खळं म्हणजे आमचं घरापुढचं अंगण, तेच कापणीत झोडणीला लागतं. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, सुकलेल्या आमसुलासारखी, आणि चवही तीच.

"ह्या काय हाडलंस?"

"मांजर. मांगरात ठेवूक."

"उंदीर धरता?"

"भूक लागली की धरतला."

"आणि माका धरल्यान तर?"

"वैनी, तुका धरूची हिंमत कोणात नाय."

तिनं मांगराची किल्ली माझ्या हातात दिली नाही, पायरीवर ठेवली. आम्ही एकमेकींना वस्तू अशा देतो.

खिडकीला जाळी मारली, कौलांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. गोणी उघडली तसं मांजर भिंतीवर चढल्यासारखं करून पेंढ्याच्या मागं गडप झालं. गोणी मी उचलली, विहिरीवर नेली, धुतली, वाळत घातली. वहिनीला सांगितलं की रोज तिन्हीसांजेला भात आणि माशाचं डोकं आत सरकवायचं, दार लावायचं, तीन आठवडे. ती म्हणाली, "तू सांगतलंस आणि मी करतलंय." यात होकार होता की टोमणा, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण तिनं केलं. पहिले अकरा दिवस तिनं एकही संध्याकाळ चुकवली नाही, हे मी तिच्या शेजारणीकडून ऐकलं.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. चार वर्षांत तिनं मला केलेला पहिला फोन.

"तुझा मांजर गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. दार उघडा होता."

"कोणी उघडल्यान?"

"मी. सारवण सुकूक नको?"

दुसऱ्या दिवशी नवं बांधायचं होतं. शेतातल्या पहिल्या लोंब्या आणायच्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल घालून जुडी करायची, देवाला दाखवायची आणि घराच्या, गोठ्याच्या, मांगराच्या दाराला बांधायची. त्याआधी सगळीकडची जमीन शेणानं सारवायची. वर्षभराचं जुनं पुसून काढल्याशिवाय नवं धान्य उंबऱ्याच्या आत येत नाही. वहिनी हे सगळं तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, शिकवलं तसं करते. तिनं अकरा दिवसांचं मांजर बाजूला सारलं, पेंढा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, भिंतीपासून भिंतीपर्यंत हात फिरवला, आणि ओली जमीन सुकायला दार सताड उघडं टाकून नदीवर गेली. मांजराच्या अंगाखालचं, त्याच्या ओळखीचं जे काही तिथं साठलं होतं, ते तासाभरात शेणाखाली गेलं. मी असते तरी हेच केलं असतं. फक्त दार लावलं असतं, असं मी स्वतःला सांगते.

तेव्हापासून मला दोन गावं सांभाळायची होती. कर्ली वहिनीच्या शेताखालून निघते आणि माझ्या परसाशी येऊन समुद्राला मिळते. काठाकाठानं वीसेक किलोमीटर. ते मांजर खाडीचं होतं, खाडीचा वास धरून खाली आलं असतं तर पोचलं असतं थेट दाजींच्या सुकटीवर. मी दिलेला शब्द तिथं पोट फाडून तयार होता. आणि वाटेत चुकलं तर रस्ता होता, गावची कुत्री होती, वाघ होता. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात आणि तो कुत्री उचलतो, मांजर त्याला सुपारीएवढं.

सकाळी उठले की चहाच्या आधी मी वाळूवर जायची. माडांखाली, होडीखाली, दाजींच्या वाळवणाच्या कडेनं. वाळवणावर कडेला एक बांगडा वेगळा ठेवलेला असायचा, वर उलटी टोपली. दाजी दात घासत माझ्याकडे बघायचे.

"इला नाय अजून?"

"नाय."

"येतला. मांजर ता."

एकदा मी धीर करून म्हटलं, दिसलं तर आधी मला हाक मार. दाजींनी चूळ भरली आणि म्हणाले, "सुलू, बोलणा झाला हुता आपला." ते बरोबर होते, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

मग पाहुण्यांचा नाश्ता, मग धामापूरची गाडी. माहेरी जायला मला चार वर्षांत सवड झाली नव्हती. आता मी एक दिवसाआड जात होते, एका अशा प्राण्यासाठी ज्यानं मला पाहून एकदाही शेपूट वर केली नाही.

शोधायचं कसं, हा प्रश्न होता. हाक काय मारायची. मी बांधावर उभी राहून "म्याव" करून पाहिलं आणि कापणीच्या बायका कोयते थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. मग मला सुचलं की या मांजराला माझ्या तोंडचा एकच शब्द माहीत आहे. मी भातात उभी राहून हाका मारायला लागले, "फूट मेले. फूट." पार नदीपर्यंत. तोंडाला फेस येईपर्यंत.

मागून वहिनी म्हणाली, "बोलयतंस काय हाकलतंस?"

बायका हसल्या. मीही हसले असते, पण सवय नव्हती.

ते दिवस मला अजून दिसतात. दुपारचं पांढरं ऊन, कापून उरलेल्या रोपांचे टोकदार बुंधे पायाला टोचणारे, पेंढ्या झोडल्याचा एकसारखा आवाज, आणि त्या आवाजात मी कान लावलेला दुसऱ्याच कशाकडे. पेंढ्यांच्या रचलेल्या गंजीकडे मी शत्रूसारखी बघायची. जगात एवढ्या करड्या गोष्टी आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. चिऱ्यावरचं शेवाळ करडं, वाळलेली झावळी करडी, वहिनीचे केस करडे. मी दर दहा पावलांवर फसत होते. या वर्षी मी त्याच बांधावरून चालत गेले आणि लक्षात आलं की मी अजून त्याच ठिकाणी थांबते, त्याच झुडपात वाकून बघते. शोधण्याची एकदा सवय लागली की सापडल्यावरही ती सुटत नाही.

चौथ्या दिवशी मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, धावाधाव बंद करा. असलं मांजर लांब जात नाही, पन्नास पावलांत कुठंतरी पोट जमिनीला लावून बसलेलं असतं आणि तुम्ही हाका मारता तसं जास्त आत सरकतं. त्याच्या अंगाचा वास असलेलं काहीतरी बाहेर ठेवा. आणलं ती गोणी ठेवा.

"ती धुतली."

"अंथरूण?"

"जमीन सारवली. खुराडं पाइप लावून धुतलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग त्यानं कशाच्या ओळखीनं परत यायचं?"

मी त्यांना नमस्कार करून निघाले. मालवणच्या स्टँडवर बसून एकेक वस्तू आठवली आणि एकेक काट मारली. माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक गोष्ट लख्ख होती. शेवटी एकच उरली. न्हाणीघरामागचा जाळ्यांचा ढीग. तो मी कधी धुतला नव्हता, कारण तो माझा नव्हता.

दाजी सावलीत बसून बांगड्यांना मीठ चोळत होते.

"दाजी, त्या जाळ्याचा तुका काय काम आसा?"

"कित्याक?"

"माका होया."

"फाटक्या जाळ्यात तू आता काय धरतलंस?"

"मांजर."

त्यांनी हात थांबवले नाहीत. बराच वेळ मीठ चोळलं. मग काकूंकडे बघितलं, काकूंनी दुसरीकडे बघितलं. दाजी उठले, सुरीनं जाळ्याचा मधला तुकडा कापला, जिथं बसून बसून खळगा पडला होता. केसांनी गच्च, माशाच्या खवल्यांनी चिकट. त्याचा वास सांगत नाही.

"घे. थंय रवला तर हंय येवचा नाय, म्हणान देतंय. दुसरा काय समजू नको."

मी दुसरं काही समजले नाही. माझे हात आपोआप नळाकडे वळले होते, तेवढे मी आवरले.

कंडक्टर तोच. त्यानं पिशवी हुंगली आणि म्हणाला, "मावशी, आज ते मेलं वाटतं." मी म्हटलं, "ते समजलं की तुम्हाला कळवते."

वहिनीनं ते जाळं मांगराच्या दारात बघितलं मात्र, तिचा चेहरा काळा पडला. दाराला नव्याची जुडी बांधलेली. आत सारवलेल्या जमिनीवर पहिलं भात पसरलेलं. आणि त्याच्या उंबऱ्यावर मी माशाची घाण टाकत होते.

"ह्या हंय नको."

"दोन दिवसांचा काम आसा."

"नव्या भाताक माशाचो वास? तुझ्या पाव्हण्यांच्या खोलयेत ठेव."

मी डॉक्टरांचं सांगितलं. वहिनीनं ऐकलं नाही. मी म्हटलं, तू दार उघडं टाकलंस म्हणून ही वेळ आली. ती म्हणाली, तू धुतलंस म्हणून. आवाज चढत गेले. खळ्यात झोडणाऱ्या बायका एकदम गप्प होऊन जोरात झोडायला लागल्या. आणि मग ती ते बोलली, जे चार वर्षं पायरीवरच्या किल्लीसारखं आमच्या मधे पडलं होतं.

"आईकय तू अशीच नेलंस. तिच्या बऱ्यासाठी."

भाऊ गेला त्याच वर्षी मी आईला देवबागला नेलं होतं. तिला दम लागायचा, दवाखाना जवळ हवा होता, वहिनी एकटी काय काय करणार होती. मी ही सगळी कारणं पुन्हा एकदा म्हणून दाखवली. मला ती पाठ आहेत.

"दवाखान्याचा कोण बोलता," वहिनी म्हणाली. "ती गोधडी कित्याक धुतलंस, ता सांग."

आईनं घरातून एकच गोष्ट आणली होती, तिची गोधडी. धुराचा, तेलाचा, औषधाचा, म्हातारपणाचा वास येत होता तिला. मी पहिल्याच दिवशी ती उकळत्या पाण्यातून काढली. संध्याकाळी आई ती गोधडी हातात धरून मला विचारत होती, "माझी गोधडी खंय गो?" मी म्हटलं, हीच. तिनं हुंगली आणि बाजूला ठेवली. त्यानंतर ती तीनदा चपला घालून देवबागच्या एस.टी. थांब्यावर जाऊन बसली होती. तिन्ही वेळा मी तिला परत आणलं, तिसऱ्यांदा थोडं ओरडून. फाटकाला कडी लावली. महिन्याभरात ती गेली. हे मी फोनवर वहिनीला कधीतरी सांगितलं असणार. लोकांना आपण काय काय सांगतो आणि ते लोक काय जपून ठेवतात.

मी म्हटलं, "घाण होती म्हणून धुतली."

"व्हय," वहिनी म्हणाली. "तुका सगळ्यात घाण दिसता."

यावर मी निघून जायला हवं होतं. गाडीला अजून तास होता. आणि ते मांजर पन्नास पावलांत कुठंतरी पोट जमिनीला लावून हे सगळं ऐकत असणार, असं एकाएकी माझ्या मनात आलं. मी जाळं उचललं, मांगराच्या मागच्या अंगाला गेले, झावळ्यांच्या ढिगाशेजारी वळचणीखाली ठेवलं आणि त्याच्यासमोर माशाचं डोकं. तिथून नवं भात दिसत नव्हतं. वहिनीनं अडवलं नाही. मदतही केली नाही.

डॉक्टर म्हणाले होते, बसा, पण बघू नका. मी मागच्या पायरीवर जाळ्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळानं वहिनी आली आणि त्याच पायरीवर दुसऱ्या टोकाला बसली. तिच्या मांडीवर सूप होतं, ती भातातले खडे निवडायला लागली. पहिल्या दिवशी काही झालं नाही. मी गाडी चुकवली, शेजाऱ्यांच्या रिक्षेनं मालवण गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच पायरी. माशाचं डोकं नाहीसं झालं होतं, पण ते मुंगसानंही नेलं असेल, असं वहिनी म्हणाली. मी दुसरं डोकं ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आधी, ऊन झावळ्यांवरून उतरत असताना, वहिनीचा हात सुपात थांबला.

"मागे बघू नको," ती ओठ न हलवता म्हणाली.

"इला?"

"वाळल्या झावळेत्सून इला. हाडां दिसतत." बराच वेळ गेला. "जाळा हुंगता." आणखी वेळ गेला. "बसला."

माझं मनगट ठणकत होतं.

"काय करता?"

"बघता आमच्याकडे. तुझ्यासारख्या बघता."

मी हळूच मान वळवली. ते त्या घाणेरड्या जाळ्याच्या खळग्यात बसलं होतं, अर्धं झालेलं, तुटका कान चिखलानं माखलेला. त्यानं मला ओळखलं. ओठ मागं ओढून दात दाखवले, आणि पंजात तोंड खुपसून झोपलं. तेवढ्यावर आमचा निरोप झाला. मांगराचं दार आम्ही उघडंच ठेवलं. जाळं वहिनी रोज थोडं थोडं सरकवत आत नेत होती, हे तिनं मला सांगितलं नाही. दिवाळीच्या आत ते आतल्या कोपऱ्यात पोचलं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

दाजींना मी कुंपणावरून सांगितलं, मांजर तिथंच आहे. "बरा," ते म्हणाले. टोपली उचलून तो बांगडा त्यांनी खड्ड्यात पुरला, वर दगड ठेवला, आणि जाळ्याचं काय झालं ते विचारलं नाही.

गोधडी माझ्याकडे आहे. कपाटात, वरच्या फळीवर. स्वच्छ आहे. तिचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही, आणि न ठरवता येणाऱ्या गोष्टींचा मला संताप येतो. वर्षभर मी ती उघडलेली नाही.

या वर्षी नवं बांधायच्या दिवशी मी माहेरी गेले, कुणी बोलावलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "इलंस?" मी म्हटलं, "इलंय." मांगराच्या दाराला ताजी जुडी होती, आत ओल्या शेणाचा गार वास. सारवण बोटांच्या लाटांसह भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेलं. फक्त उजवीकडच्या कोपऱ्यात, जाळ्याच्या भोवती, हातभर जागा तशीच होती. गेल्या वर्षीची, भेगाळलेली, केस आणि खवले चिकटलेली. सारवण तिच्या कडेनं नीट वळून गेलं होतं. आत मांजर बसलेलं. माझ्याकडे बघून गुरगुरलं.

मी वहिनीकडे बघितलं. आईच्या हाताखाली शिकलेली बाई, जिनं जन्मात नव्याच्या दिवशी बोटभर जमीन सोडली नव्हती.

"शेण पुराक नाय," ती म्हणाली आणि बादली घेऊन बाहेर गेली.

गोठ्यात तीन गुरं उभी होती, आणि त्यांच्या मागं सकाळचं शेण गुडघाभर पडलं होतं.